परड्यातलं अंजीर आणि थंडीचे दिवस

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



आज आपण बोलणार आहोत ते उसाबद्दल नाही, सोयाबीनबद्दलही नाही. आज बोलायचं आहे घराच्या परड्यात लावलेल्या एका झाडाबद्दल. ते झाड म्हणजे अंजीर. कबनूर, इचलकरंजी, हातकणंगले या भागात हल्ली पुष्कळ घरांच्या मागे अंजिराचं एखादं रोप दिसतं. कुणी रोपवाटिकेतून आणलेलं असतं, कुणी सासवडकडच्या पाहुण्याकडून काडी आणून लावलेली असते. झाड जोमानं वाढतं, हाताच्या पंजाएवढी पानं येतात, पण फळ काही धड हाती लागत नाही. चार-पाच वर्षं वाट बघून शेवटी घरधनी म्हणतो, "आपल्याकडच्या हवेत हे झाड येत नाही, थंडीत त्याचं फळ गारठतं," आणि झाडावर कुऱ्हाड पडते.

ही कुऱ्हाड पडू नये म्हणून आजचं हे भाषण. सुरुवातीलाच सांगतो, की आपल्याकडची थंडी अंजिराची वैरीण नाही. पाणथळ जागा, नको तेवढं पाणी आणि पानांवरचा तांबेरा हे त्याचे खरे वैरी. थंडीचे चार महिने झाडाकडे नीट लक्ष दिलंत तर शिवरात्रीपासून पुढे घरच्या पोराबाळांना पिकलेली अंजिरं खायला मिळतील.

थंडी किती आणि अंजीर किती सोसतं

अंजीर हे मुळात पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या काठचं झाड. तिकडे उन्हाळा कोरडा आणि कडक, पाऊस हिवाळ्यात, आणि हिवाळ्यात थंडी चांगली पडते. थंडी पडली की झाड सगळी पानं टाकून देतं आणि झोपी जातं. असं झोपलेलं मोठं झाड पारा शून्याच्या खाली आठ-दहा अंश गेला तरी तग धरतं. मात्र कोवळे शेंडे आणि लहान रोपं पारा शून्याखाली थोडा जरी गेला तरी करपतात.

इटलीतून अमेरिकेत न्यूयॉर्ककडे जाऊन राहिलेल्या लोकांनी आपल्याबरोबर अंजिराच्या काड्या नेल्या. तिकडे तर हिवाळ्यात बर्फ पडतो. म्हणून ती मंडळी थंडीच्या तोंडावर झाडाच्या फांद्या दोरीनं एकत्र आवळतात, त्यावर गोणपाट, जुनी जाजमं, कापड गुंडाळतात आणि शेंड्यावर बादली पालथी घालतात. काही जण तर एका बाजूची मुळं तोडून झाड चरात आडवं करतात आणि वर माती लोटतात. वसंत ऋतू आला की पुन्हा उभं करतात. ज्यांना एवढा खटाटोप करायचा नसतो ते मोठ्या कुंडीत झाड लावतात आणि हिवाळ्यात कुंडी आत ओढून घेतात. एवढं करूनही कधी वरचं सगळं झाड थंडीनं जळतं, आणि तरीही बुंध्यातून नवे फुटवे येतात. काही जातींत त्याच फुटव्यांवर त्या वर्षीच फळ धरतं.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की अंजिराचं फळ नव्या फुटीवर येतं ही गोष्ट ध्यानात राहावी. तिकडे जुनी फांदी थंडी मारते, इकडे आपण ती कात्रीनं छाटतो. पुढच्या सगळ्या कामाची किल्ली यातच आहे.

आता आपल्याकडचं बघा. कबनूर भागात मार्गशीर्ष-पौषात पहाटे चांगली हुडहुडी भरते, पण कडक थंडीतही पारा दहा-बारा अंशांच्या आसपास राहतो. नाशिककडे निफाडला डिसेंबर २०१८ मध्ये पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता, तसं आपल्याकडे होत नाही. महाराष्ट्रात अंजिराचं माहेर म्हणजे पुणे जिल्ह्यातला पुरंदर तालुका. राजेवाडी, गुऱ्होळी, दिवे ही तिथली अंजिराची गावं. तिथला हिवाळा आपल्यापेक्षा बोचरा आहे. तरी त्या थंडीतूनच पुरंदरचा मीठा बहार बाहेर येतो. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळाचं संशोधन केंद्र याच तालुक्यात जाधववाडीला आहे. तेव्हा थंडीनं आपलं झाड बिघडलं असं कुणी म्हणालं, तर आधी झाडाची जागा बघा, पाणी बघा आणि पानाची खालची बाजू बघा.

उंबर वेगळा, अंजीर वेगळं

अंजीर हे वड, पिंपळ, उंबर यांच्याच कुळातलं. "उंबराचं फूल" असं आपण दुर्मीळ गोष्टीला म्हणतो. अंजिराचंही तसंच. त्याची फुलं आपल्याला दिसत नाहीत, कारण ती फळाच्या आतच असतात. आपण ज्याला फळ म्हणतो तो आत वळलेला फुलोराच असतो.

या नात्यामुळे एक गैरसमज मात्र होतो. नृसिंहवाडीचा औदुंबर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. नदीकाठी, ओलाव्यात उंबर कसा मजेत वाढतो ते आपल्याला माहीत आहे. म्हणून अंजीरही तसंच वाढेल असं समजून ते ओढ्याच्या कडेला, विहिरीच्या पाटाला किंवा न्हाणीच्या सांडपाण्यावर लावलं जातं. इथंच घात होतो. अंजिराच्या मुळांना हवा लागते. मुळाशी पाणी साचून राहिलं तर ती कुजतात, पानं पिवळी पडून गळतात आणि झाड हळूहळू बसतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेच्या काठच्या जमिनी कित्येक दिवस पाण्याखाली होत्या. अशा जागी अंजीर लावण्याच्या भानगडीत पडू नका. तिथं केळ, कर्दळ, अळू लावा.

न्हाणीच्या पाण्याचं वेगळं सांगतो. झाड वर्षभर ओलं राहिलं की ते नुसतं पानावर जातं. त्याला विसावा मिळत नाही, आणि विसाव्याशिवाय बहार नीट फुटत नाही. शिवाय त्या पाण्यात साबण आणि सोडा असतो. तेव्हा अंजीर न्हाणीपासून निदान दहा-बारा फूट लांब असू द्या.

जागा आणि माती

गगनबावडा, राधानगरीकडे पाऊस धो-धो कोसळतो. पूर्वेकडे हातकणंगल्यापर्यंत येता येता तो कितीतरी कमी होतो. म्हणून जिल्ह्याच्या पश्चिम भागापेक्षा आपला भाग अंजिराला बरा. पण आपली माती काळी आणि भारी. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते. अंजिराला आवडते ती मध्यम, तांबूस-काळी, थोडी चुनखडी असलेली आणि खाली मुरूम असलेली जमीन.

परड्यात भारी काळी माती असली तरी हताश होऊ नका. खड्ड्यात झाड लावण्याऐवजी उंचवट्यावर लावा. चार-पाच फूट रुंदीचा आणि दीड-दोन फूट उंचीचा मातीचा ओटा करा. त्यात दोन भाग माती, एक भाग मुरूम आणि एक भाग कुजलेलं शेणखत मिसळा. पावसाचं पाणी ओट्यावरून निथळून जाईल असा उतार ठेवा. क्षारपड जमिनीत पुष्कळ फळझाडं टिकत नाहीत. अंजीर थोडाफार खार सोसतं, पण पांढरी बुरशी आल्यासारखी जमीन दिसत असेल तर तिथं ओटा केल्याशिवाय लावू नये.

दिवसातून निदान सहा-सात तास ऊन लागेल अशी जागा निवडा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि घराची सावली उत्तरेला लांब पडते. म्हणून घराच्या दक्षिणेची किंवा पूर्वेची बाजू चांगली. पूर्वेचं ऊन सकाळी पानांवरचं दव लवकर वाळवतं. हे किती महत्त्वाचं आहे ते पुढं तांबेऱ्याच्या वेळी सांगतो. भिंतीपासून आणि मोरीच्या पाइपापासून दहा फूट तरी अंतर ठेवा, कारण याची मुळं लांबवर पसरतात.

झाडाखाली वांगी आणि टोमॅटो लावू नका. त्यांच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी अंजिरालाही धरतात. त्याऐवजी झेंडू लावा. देवालाही फूल होतं आणि झाडालाही फायदा होतो.

रोप कोणतं घ्यावं

बाजारातल्या सुक्या अंजिराच्या बिया पेरून झाड करण्याच्या नादी लागू नका. परदेशातून येणाऱ्या पुष्कळशा सुक्या अंजिरांच्या जाती अशा असतात, की त्यांच्यात एक बारीक माशी आत शिरून परागकण पोचवते तेव्हाच फळ पोसतं. ती माशी आपल्याकडे नाही. बीपासून आलेली निम्मी झाडं तर खायच्या फळाची नसतातच. पाच वर्षं पाणी घालून शेवटी हात चोळत बसावं लागतं.

आपल्याकडची पूना अंजीर ही जात अशी आहे, की तिला परागीभवनाची गरज लागत नाही. एकटं झाड असलं तरी फळ धरतं. परड्यासाठी हीच योग्य. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले राजेवाडी ही जातही मिळाली तर अवश्य लावा. दिनकर ही जातही आपल्याकडे प्रचलित आहे.

ओळखीच्या, भरपूर फळ देणाऱ्या झाडाची काडी मिळाली तर फारच उत्तम. छाटणीच्या वेळी निघालेल्या एक वर्ष वयाच्या पक्व फांदीची, अंगठ्याएवढ्या जाडीची, वीतभर ते सव्वा वीत लांबीची काडी घ्या. तिच्यावर चार ते सहा डोळे असावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या. काडीचा दोन तृतीयांश भाग वाळूमिश्रित मातीत पुरा आणि सावलीत ठेवा. माती ओलसर असावी, चिखल नको. महिना-दीड महिन्यात फूट दिसते. पण पानं दिसली म्हणून काडी उपटून मुळं बघू नका. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला रोप जागेवर लावा.

पहिल्या हिवाळ्यात मात्र या लहान रोपाला थोडा आडोसा द्या. उत्तरेच्या वाऱ्याच्या बाजूला कडब्याच्या ताटांचा कूड उभा केला तरी पुरे. पूर्व आणि दक्षिण बाजू उघडी ठेवा. प्लास्टिकचा कागद गुंडाळू नका. आत दमटपणा साठतो आणि दुपारी रोप शिजतं.

दसऱ्याची छाटणी

आता मुख्य कामाकडे वळू. अंजिराला दोन बहार येतात. पावसाळ्यात वाढणारी फळं म्हणजे खट्टा बहार. त्यांना गोडी कमी आणि ती सडतात फार. पावसाळा संपल्यावर धरलेला आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पिकणारा तो मीठा बहार. परड्यातल्या झाडाला एकच बहार धरावा, आणि तो मीठा.

त्यासाठी श्रावण संपला की झाडाला वरून पाणी देऊ नका. पावसाचं पाणी बुंध्याशी थांबू देऊ नका. असा सुमारे महिनाभर ताण बसला की झाड विसावा घेतं आणि पानं पिवळी पडू लागतात. आपल्या काळ्या जमिनीत ओल लवकर हटत नाही, म्हणून सगळी पानं आपोआप गळतीलच असं नाही. उरलेली हातानं काढून टाका.

दसऱ्याच्या सुमाराला छाटणी करा. दिवाळीच्या पुढं ती ढकलू नका. छाटणी उशिरा झाली की नवी फूट नेमकी कडक थंडीत सापडते, रेंगाळते आणि फळ उन्हाळ्याच्या शेवटाला जातं. मग वळवाच्या पावसात पिकलेलं फळ फुटतं. थंडीनं फळ बिघडलं असं ज्याला आपण म्हणतो ते पुष्कळ वेळा उशिराच्या छाटणीचं फळ असतं.

छाटणीत वाळलेल्या, रोगट, एकमेकींत घुसलेल्या आणि जमिनीकडे लोंबणाऱ्या फांद्या बुडातून काढा. गेल्या वर्षी वाढलेल्या चांगल्या फांद्यांचे शेंडे साधारण एक तृतीयांश छाटा. झाडाच्या मधोमध ऊन शिरलं पाहिजे. लहान झाड असेल तर पहिल्या वर्षी ते गुडघ्यापेक्षा थोडं वर छाटून चहूबाजूंना तीन-चार फांद्या राखाव्यात. झाड बुटकं ठेवा, म्हणजे घरातल्या बायकांना आणि पोरांनाही उभ्यानं फळ काढता येईल.

जी फांदी लांब असून मधले डोळे फुटत नाहीत, तिथं खाच पाडण्याची रीत आहे. निजलेल्या डोळ्याच्या लगेच वर धारदार चाकूनं तिरपा काप घेऊन साल आणि थोडंसं लाकूड काढायचं. खाच बोटाच्या पेराएवढी लांब आणि अर्ध्या पेराएवढी रुंद असावी. त्यामुळे खालच्या डोळ्याला जोर मिळून तो फुटतो. पण एका फांदीवर तीन-चारच्या वर खाचा पाडू नका.

छाटणी करताना एक सावधगिरी घ्या. अंजिराचा पांढरा चीक कातडीला लागला आणि त्यावर ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, हाताला कापड गुंडाळा. काम संध्याकाळी करा आणि नंतर साबणानं हात धुवा. डोळ्याला हात लावू नका. लहान पोरांना छाटलेल्या फांद्यांशी खेळू देऊ नका.

खत आणि पाणी

छाटणीनंतर बुंध्यापासून दोन फूट अंतरावर गोल चर काढा. मोठ्या झाडाला तीन-चार बुट्ट्या चांगलं कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड घालून माती ओढा. चुलीची राख असेल तर दोन-तीन ओंजळी मिसळा. मग पहिलं पाणी भरपूर द्या.

उसाला युरिया टाकायची आपल्या हाताला सवय. अंजिराच्या बाबतीत हा हात आखडता घ्या. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात, फळ कमी धरतं आणि तांबेऱ्याला आयतं जेवण मिळतं.

पाण्याचंही तसंच. उसाला पाट सोडला आणि त्याचा एक फाटा अंजिराकडे वळवला, असं करू नका. हिवाळ्यात जमिनीप्रमाणे आठ ते दहा दिवसांनी पाणी पुरतं. माती चार बोटं खोल उकरून बघा. ओलसर लागली तर थांबा. उन्हाळ्याची चाहूल लागली की पाच-सहा दिवसांवर या. पाण्यात नियमितपणा हवा. पंधरा दिवस कोरडं ठेवून एकदम पोटभर पाणी दिलं की पिकत आलेलं फळ तडकतं.

आपल्याकडे उसाचा पाला भरपूर. तो जाळून टाकू नका. झाडाच्या आळ्यात चार-सहा बोटं जाडीचा थर अंथरा. थंडीत जमिनीची ऊब टिकते, उन्हाळ्यात ओल टिकते आणि तण दबतं. मात्र बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी चढते.

पौषात फळ थबकतं, घाबरू नका

छाटणीनंतर दोन-तीन आठवड्यांत नवी फूट येते आणि पानाच्या बेचक्यात हरभऱ्याएवढी फळं दिसू लागतात. ती भराभर वाढून लहान लिंबाएवढी होतात, आणि मग वाढ थांबते. मार्गशीर्ष जातो, पौष जातो, फळ आहे तेवढंच. दाबून बघावं तर दगडासारखं.

याच वेळी घरोघरी काळजी सुरू होते. कुणी युरिया टाकतो, कुणी रोज घागरभर पाणी ओततो, कुणी दुकानातून औषध आणतो. बंधूंनो, यातलं काही करू नका. अंजिराचं फळ तीन टप्प्यांत वाढतं. पहिल्यांदा झपाट्यानं वाढतं, मग कित्येक आठवडे जागच्या जागी राहतं आणि शेवटी पुन्हा झपाट्यानं फुगतं. मधला टप्पा हा फळाचा स्वभावच आहे. थंडीमुळे तो थोडा लांबतो एवढंच. या काळात फळाच्या आत बारीक बिया तयार होत असतात. संक्रांत झाली, ऊन तापू लागलं, की हेच फळ थोड्या दिवसांत फुगतं, मऊ होतं आणि रंग धरतं. फळ धरल्यापासून पिकेपर्यंत साधारण चार-साडेचार महिने लागतात. हा हिशेब दिनदर्शिकेवर लिहून ठेवा आणि धीर धरा. कुऱ्हाड पडते ती बहुधा याच वेळी, आणि तेव्हा फळ महिन्या-दीड महिन्यावर आलेलं असतं.

तांबेरा: थंडीतला खरा शत्रू

थंडीचा त्रास होतो तो दवामुळे आणि ढगाळ हवेमुळे. पहाटे पानं भिजतात, ढगामुळे लवकर वाळत नाहीत, आणि तांबेऱ्याची बुरशी वाढते. पानाच्या खालच्या बाजूला तांबूस-तपकिरी बारीक पुरळ उठतं. बोट फिरवलं की विटकरी पूड लागते. पुढं पानं वाळून गळतात, आणि पानं गेली की फळ पोसायला कुणी उरत नाही. फळ सुकतं, चोपटतं, बेचव होतं. घरधनी म्हणतो, थंडी बाधली.

पहिला उपाय फुकटचा आहे. गळलेली रोगट पानं रोज झाडून गोळा करा आणि जाळा किंवा खोल पुरा. ती आळ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. पाणी देताना पानांवर शिंपडू नका. छाटणीत झाड मोकळं ठेवलं असेल तर निम्मं काम झालेलंच असतं.

दुसरा उपाय बोर्डो मिश्रण, एक टक्क्याचं. परड्यातल्या झाडाला दहा लिटर पुरे. शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत विरघळवा. शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या बादलीत थोड्या पाण्यात फोडून पाच लिटर करा आणि गाळून घ्या. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत काठीनं ढवळा. लोखंडी, तांब्याचं किंवा पितळी भांडं वापरू नका. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी खिळा किंवा सुरी मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस रंग चढला तर आणखी थोडी चुन्याची निवळी घाला. मिश्रण त्याच दिवशी वापरा.

पहिली फवारणी छाटणीनंतर लगेच, दुसरी नवी पानं उमलल्यावर, आणि पुढं हवा ढगाळ राहिली तर पंधरा-वीस दिवसांनी. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे. फळ पिकायच्या आधी तीन आठवडे फवारणी थांबवा. फवारताना तोंडाला कापड बांधा, पोरं आणि कोंबड्या लांब ठेवा.

खोडाला भोक पडून त्यातून भुसा येत असेल तर आत खोडकिडीची अळी आहे असं समजा. तार आत घालून ती मारा, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा भोकात घाला आणि चिखलानं लिंपा. जवळ विडी-काडी पेटवू नका.

परडं नसेल तर

कबनूर आणि इचलकरंजीच्या दाट वस्तीत पुष्कळ घरांना परडं उरलेलं नाही. त्यांनी अर्ध्या पिंपात अंजीर लावावं. तळाला चार-पाच भोकं पाडा, त्यावर विटांचे तुकडे घाला आणि माती, मुरूम, शेणखत यांचं मिश्रण भरा. थंड देशातले लोक बर्फापासून वाचवण्यासाठी कुंडी आत नेतात. आपण ती पावसापासून वाचवण्यासाठी सज्ज्याखाली न्यायची. पिंपातल्या झाडाला मुळं पसरायला जागा कमी, म्हणून पाणी थोडं थोडं पण वेळेवर द्या. दोन-तीन वर्षांनी छाटणीच्या वेळी वरची माती बदला.

फळ केव्हा तोडायचं

काडीपासून केलेल्या झाडाला दुसऱ्या वर्षीच चार-दोन फळं दिसतात. ती काढून टाका, झाडाचा सांगाडा होऊ द्या. तिसऱ्या वर्षापासून फळ घ्या.

पिकलेलं अंजीर मान टाकतं. फळाचा देठ वाकतो, साल मऊ होते, रंग जांभळट-तपकिरी होतो आणि कधी डोळ्यापाशी मधासारखा थेंब दिसतो. तोडल्यावर देठातून पांढरा चीक आला तर ते कच्चं आहे असं समजा. असं फळ तोंडात टाकलं तर जीभ आणि ओठ चुरचुरतात. तोडल्यावर अंजीर आंब्यासारखं अढीत पिकत नाही, म्हणून झाडावरच पिकू द्या. तोडणी सकाळी, देठासकट करा आणि बुट्टीत अंजिराचीच पानं अंथरून फळं अलगद ठेवा.

बुलबुल, पोपट आणि वटवाघळं या फळावर टपलेलीच असतात. आपल्या भागात यंत्रमागाच्या पातळ कापडाचे तुकडे मिळतात. त्यांच्या लहान पिशव्या शिवून फळ रंग धरू लागलं की बांधा. प्लास्टिकच्या पिशव्या बांधू नका. फळ घामेजतं आणि सडतं.

अंजीर पिकल्यावर एक-दोन दिवसच टिकतं. म्हणून बाजारात येणारं फळ पूर्ण पिकायच्या आधीच काढावं लागतं. झाडावर मान टाकलेलं, मधाळ अंजीर खायचं असेल तर ते फक्त घरच्या झाडाचंच. मजुरीवर जाणाऱ्याच्या पोरालाही ते रोज सकाळी तोडून खाता येईल, आणि त्यासाठी लागते एक काडी, एक ओटा आणि थोडा धीर.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. पाणी साचणाऱ्या जागी आणि न्हाणीच्या पाण्यावर अंजीर लावू नये. भारी मातीत ओटा करून लावावं.
२. श्रावण सरला की ताण द्यावा, दसऱ्याला छाटणी, दिवाळीच्या पुढं नाही.
३. थंडीत आठ-दहा दिवसांनी पाणी, तेही माती उकरून बघून. युरियाचा हात आखडता ठेवावा.
४. पौषात फळ थबकलं तरी घाबरू नये, झाड तोडू नये.
५. पानाची खालची बाजू दर आठवड्याला बघावी. तांबेरा दिसताच पानं गोळा करावीत, बोर्डो फवारावं.
६. चिकापासून कातडी आणि डोळे सांभाळावेत.

अधिक माहिती हातकणंगल्याच्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात विचारावी. जाताना रोगट पान आणि फांदीचा तुकडा कागदात गुंडाळून बरोबर न्यावा, म्हणजे सांगणाऱ्यालाही नेमकं सांगता येईल.

आज संध्याकाळी परड्यात जाऊन आपल्या अंजिराचं एक पान उलटून बघा. पान स्वच्छ असेल आणि मुळाशी पाणी साचत नसेल, तर थंडीची काळजी सोडून द्या.